कृपेचें ऋण

ईश्वराची कृपा पुण्याच्या मोबदल्यांत मिळत नाहीं, अपात्रालाही ती केवळ दान म्हणून लाभते, हें ख्रिस्ती धर्मविचाराचें मध्यवर्ती तत्त्व होय. त्यावर विचारी मनांत एक शंका सहजच उभी राहते. उद्धार जर असा विनामूल्य व्हावयाचा, तर सदाचरणाचे कष्ट कोणीं आणि कां सोसावे?

ही शंका एकट्या ख्रिस्ती लोकांची नाहीं. दक्षिणेंतील श्रीवैष्णवांतही या प्रश्नावर दोन पक्ष आहेत. माकडाचें पिल्लू आईला घट्ट धरून बसतें, तसें भक्तानें ईश्वराला धरावें, असें वडकलै पंथ म्हणतो. मांजरी पिल्लाला तोंडांत धरून नेते, पिल्लानें कांहींच करावयाचें नसतें, असें तेंकलै पंथाचें म्हणणें. संत पौलाचा कौल उघडच दुसऱ्या पक्षाकडे झुकतो. तथापि रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायांत तो ही शंका स्वतःच काढतो आणि तिचा साफ निषेध करतो. कृपेनें माणसाचा जुना जन्मच संपतो, मग जुनें आचरण उरेल कोठून, असा त्याचा आशय आहे.

उत्तर बुद्धीला पटतें. अनुभव मात्र इतका सरळ नसतो. ‘अमेझिंग ग्रेस’ या प्रसिद्ध स्तोत्राचा कर्ता जॉन न्यूटन याचें चरित्र या दृष्टीनें पाहण्यासारखें आहे. १७४८ सालीं भर समुद्रांत वादळानें गांठलें असतां त्यानें देवाचा धांवा केला आणि तो वांचला. आपल्या पालटाचा आरंभ तो येथूनच धरी. परंतु त्यानंतरही १७५४ पर्यंत तो गुलामांची ने-आण करणाऱ्या जहाजांवर होता, आणि १७५० पासून तर कप्तान होता. वर खलाशांसह रविवारची उपासना चाले. खालीं आफ्रिकेचीं माणसें साखळदंडांत पडलेलीं असत.

त्या काळीं आपण खरे विश्वासी नव्हतों, असें त्यानें पुढें म्हटलें आहे. तें मान्य केलें तरी पुरता उलगडा होत नाहीं. १७६४ सालीं तो पाद्री झाला. १७७३ च्या सुमारास तें स्तोत्र झालें. पण गुलामांच्या व्यापाराविरुद्ध त्याची पुस्तिका निघाली ती १७८८ सालीं, म्हणजे तो धंदा सुटल्यावर ३४ वर्षांनीं. तींत त्यानें आपला दोष झांकला नाहीं, आणि इंग्लंडच्या पार्लमेंटनें १८०७ सालीं तो व्यापार बंद केला, हें पाहावयास तो जिवंत होता.

या विलंबाला आम्ही ढोंग म्हणणार नाहीं. न्यूटनची कृतज्ञता खरी होती. मात्र कृपा हा देव आणि आपण या दोघांतलाच व्यवहार, अशा समजुतीनें ती दीर्घकाळ अडून राहिली असावी. कृतज्ञता गाण्यांत लवकर येते, जमाखर्चाच्या वहींत उशिरा. मत्तयाच्या शुभवर्तमानांतील चाकराची गोष्ट येथें आठवते. राजानें त्याचें अफाट कर्ज माफ केलें, आणि बाहेर पडतांच त्यानें शंभर नाण्यांसाठीं सोबत्याचा गळा धरला. राजा संतापला तो आपलें कर्ज बुडालें म्हणून नव्हे. दिलेली दया पुढें गेली नाहीं म्हणून.

आमच्या मतें पहिल्या शंकेचें उत्तर येथें आहे. सदाचरणानें कृपेची परतफेड होत नाहीं, कारण देवाला त्या फेडीची गरज नाहीं. ऋण देवाचें असलें तरी तें पोंचवावयाचें शेजाऱ्याकडे. म्हणून निष्ठेनें जगूं इच्छिणाऱ्यानें आपल्या भक्तीचा भर मोजीत बसूं नये. ज्या धंद्यावर आपलें घर चालतें त्यांत कोणाचा गळा आपल्या हातांत आहे, हें त्यानें आधीं पाहावें. देव ३४ वर्षें वाट पाहूं शकतो. साखळदंडांतल्या माणसाला तेवढें आयुष्य नसतें.