प्रपंचाचे दप्तर

गेल्या कार्तिकी वारीहून परतताना रोह्याकडच्या एका माळकरी गृहस्थांनी आम्हांस गाडीत विचारले, "बुवा, देहसुद्धा आपला नाही म्हणता, मग हे सातबारे नि पावत्या जपत बसायचं कशाला? ही आसक्ती नव्हे का?" प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. आम्ही एकदा याचे उत्तर चुकीचे दिले आहे आणि त्या चुकीचे फळ दुसऱ्याने भोगले आहे. म्हणून हा लेख.

बऱ्याच वर्षांपूर्वी पेणच्या खारेपाटातील एका गावी सप्ताहात आमचे कीर्तन होते. तुकोबारायांनी कर्जखते इंद्रायणीत बुडविली ते आख्यान लावले होते. रंग चढला आणि भरात आम्ही बोलून गेलो, की पेटीतले कागद आणि मनातला विठ्ठल एका घरात नांदत नाहीत. श्रोत्यांनी माना डोलावल्या, आम्हांसही बरे वाटले. पुढच्याच रांगेत एक वृद्ध शेतकरी बसले होते, वारी न चुकविणारे, अगदी भोळे. त्यांनी ते वाक्य घरी नेले. माळ्यावर कागदांची पेटी होती तिच्याकडे त्यांनी पुन्हा पाहिले नाही. दोन पावसाळ्यांत वाळवीने आपले काम केले.

ते वैकुंठवासी झाल्यावर त्यांच्या शेताचा एक तुकडा मुंबई-गोवा महामार्गाच्या रुंदीकरणात गेला. मोबदल्यासाठी पाहतात तो सातबाऱ्यावर नाव अजून सासऱ्याचे! वारसनोंद दोन पिढ्या झालीच नव्हती. सासऱ्याच्या मृत्यूचा दाखला नाही, कुळकायद्यात मिळालेले ३२-म चे प्रमाणपत्र होते तेही पेटीबरोबर मातीस मिळाले. त्या माउली आमच्याकडे आल्या. रागावल्या असत्या तर सोपे गेले असते. त्या एवढेच म्हणाल्या, "बुवा, तुम्हीच सांगितलं होतं ना त्यांना, कागदाची माया सोडा म्हणून?" आम्हांस उत्तर सुचले नाही.

त्या रात्री तेच आख्यान आम्ही पुन्हा मनाशी लावले, आणि ध्यानात आले की आम्ही ते अर्धेच सांगत होतो. परंपरेने चालत आलेली कथा अशी आहे, की तुकोबांनी खते बुडवायला काढली तेव्हा धाकटे बंधू कान्होबा आडवे आले; त्यांना आपला संसार चालवायचा होता. तेव्हा तुकोबांनी खतांचे दोन वाटे केले. कान्होबांचा वाटा कान्होबांस दिला आणि आपला तेवढा इंद्रायणीस अर्पण केला. मंडळी, वाटे करायचे तर खते वाचावी लागली असतील, कोणाकडे किती येणे हे पाहावे लागले असेल. म्हणजे त्यागाच्या आधी दप्तर लावणे आले! आणखी एक गोष्ट पाहा. बुडविली ती दुसऱ्यांकडून येणे असलेली खते. आपण कोणाचे देणे लागतो त्याचा कागद बुडविणे हा त्याग नव्हे. त्याला आमच्याकडे दुसरा शब्द आहे.

तेव्हा दुसरा माणूस ज्या कागदाने माझ्याशी बांधला गेला तो मी सोडू शकतो. ज्या कागदावर दुसऱ्याचा हक्क उभा आहे, बायकोचा, भावाचा, मुलांचा, तो माझ्या पेटीत असला तरी माझा नव्हे. त्यावर वैराग्य दाखविण्याचा अधिकार मला कोणी दिला? त्या भोळ्या भक्ताने जी माया सोडली ती स्वतःची नव्हती, आणि सोडायला लावणारे आम्ही होतो.

दामाजीपंतांचे आख्यान तर आपण सारेच ऐकतो. मंगळवेढ्याला दुष्काळात त्यांनी बादशहाची धान्याची कोठारे लोकांस खुली केली. पांडुरंग विठू महार होऊन बेदरला गेला आणि धान्याची किंमत भरली. पण देव रिकाम्या हाताने परतला नाही. पैसे पोचल्याची पावती घेतली आणि ती दामाजींच्या गीतेच्या पोथीत नेऊन ठेवली. भक्ताच्या हाती सापडेल अशीच जागा शोधली. विश्वाचा हिशेब ज्याच्याजवळ आहे त्यालाही पावती घ्यावीशी वाटली, मग आम्ही कोण मोठे विरक्त लागून गेलो?

आमच्या पेण-रोह्याच्या मुलखात तर कागदाने माणसे तारली आहेत. १ एप्रिल १९५७ रोजी कुळकायद्याने कसणारा मालक ठरला, पण आपण कूळ होतो हे दाखविताना खंडाची जुनी पावती ज्याच्या घरी निघाली त्याचे पाय जमिनीवर घट्ट राहिले. २००८ च्या सप्टेंबरात पेण तालुक्यातील २२ गावांत विशेष आर्थिक क्षेत्राविषयी लोकांचे मत घेतले गेले, तिथेही आपण या जमिनीचे कोण हे आधी सांगावे लागे. २०१० साली पेणच्या अर्बन बँकेचे व्यवहार थांबले तेव्हा ठेवीदारांजवळ उरले काय, तर पासबुक आणि ठेवपावती. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात पत्रे उडाले, कौले फुटली, माळ्यावरचे कागद भिजले; आणि पंचनामा झाल्यावर मदत बँक खात्यात यायची म्हणून त्याच भिजल्या ढिगातून पासबुक शोधण्याची पाळी आली.

कोणी म्हणेल, दप्तर लावायला कपाट हवे, फायली हव्यात, पैसा हवा. काही नको हो! पेशव्यांचे दप्तर रुमालांत बांधलेले होते, म्हणजे कापडात. जुन्या सुती लुगड्याचे चार तुकडे घ्यावेत: एकात जमिनीचे, एकात घराचे, एकात माणसांचे (जन्म, लग्न, मृत्यू, शाळेचा दाखला), एकात देण्याघेण्याचे. लग्नपत्रिकेची कोरी बाजू वर ठेवून त्यावर आत काय आहे ते लिहावे. टाचणी लावू नये, आमच्या हवेत ती गंजते आणि कागद खाते, दोऱ्याने बांधावे. पत्र्याची पेटी जमिनीवर ठेवू नये, खारेपाटात पाणी कधी शिरेल याचा नेम नाही. पण माळ्यावर टाकून विसरूही नये. वैशाखात एकदा उघडून पाहावी, सोबत वेखंड किंवा कडुनिंबाचा वाळला पाला ठेवावा. बँकेच्या यंत्रातून निघणाऱ्या गुळगुळीत पावतीची अक्षरे काही महिन्यांत उडून जातात, तिची नक्कल वेळीच करावी. जुन्या खतावर 'जिल्हा कुलाबा' दिसले म्हणून ते रद्दी समजू नये. १९८१ पर्यंत आपल्या जिल्ह्याचे नावच ते होते. पुन्हा मिळणारा कागद कोणता आणि न मिळणारा कोणता, हेही ओळखावे. सहीचा सातबारा आज १५ रुपयांत निघतो, त्याच्या दहा प्रती साठवून काय करायचे? पण आजोबांचे मूळ खरेदीखत फाटले तर तोच कागद पुन्हा कोण देणार? घरात मृत्यू झाला तर २१ दिवसांच्या आत नोंद करावी. दुःखाच्या दिवसांत हे सुचत नाही, म्हणून शेजाऱ्याने आठवण द्यावी. तीही सेवाच.

आणि पेटी कुठे आहे, आत काय आहे, हे घरातल्या बाईला ठाऊक हवे. हे आम्ही अधिक जोराने लिहितो. पुष्कळ घरांत सारे दप्तर पुरुषाच्या डोक्यात असते आणि ते त्याच्याबरोबर जाते.

एक गोष्ट मात्र बोलायला जड जाते. नीट लावलेले दप्तर आपल्याविरुद्धही बोलते. २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे. तरी बहिणीला माहेरपणाला बोलावून, साडीचोळी करून, हक्कसोडपत्रावर सही घेणारे भाऊ आम्ही पाहिले आहेत, त्यांत माळकरीही पाहिले आहेत. ती समजून-उमजून देत असेल तर तिचा तो त्याग आहे. पण कागद तिला वाचून न दाखविता घेतलेली सही? असा कागद रेशमी रुमालात बांधला तरी दप्तर स्वच्छ झाले असे आम्ही म्हणणार नाही.

त्या माउलींचे काम अजून पुरते झालेले नाही. त्यांची नात कॉलेजात जाते. तिने दोन सुट्ट्या खर्चून जुने फेरफार काढले, सासऱ्यांच्या मृत्यूची नोंद शोधली, आणि पेटीच्या झाकणाला आतून यादी चिकटविली आहे. आम्ही दोनदा तिच्यासोबत तालुक्याला जाऊन बसलो.

घरी येऊन आम्ही आमचीही पेटी उघडली. तळाशी एका शेजाऱ्याची चिठ्ठी निघाली, फार वर्षांपूर्वी आमच्याकडून घेतलेल्या पैशाची. घरच्यांना विचारले, त्यांनी आनंदाने हो म्हटले. आधी वाटले, कुंडलिकेत सोडावी. मग विचार केला, नदीत टाकली तर त्या बिचाऱ्याला कळणार कसे? म्हणून त्यांच्या दारी गेलो आणि चिठ्ठी त्यांच्या हाती दिली. त्यांनी चष्मा लावून ती दोनदा वाचली, आणि आत हाक मारून चहा ठेवायला सांगितला.