सूर्यास्तापूर्वी



महिन्याची पंचवीस तारीख. औषधाच्या दुकानात एक भगिनी उभी आहे. सासऱ्यांच्या रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्या, मुलासाठी खोकल्याचे औषध, बिल १,३८० रुपये. ती कार्ड देते, पिन दाबते. मोबाईलवर बँकेचा मेसेज येतो: खात्यातून १,३८० रुपये वजा. दुकानाच्या मशीनवर मात्र व्यवहार फेल. “ताई, माझ्याकडे पैसे आलेच नाहीत.” “अहो दादा, माझे तर कापले गेले, हा बघा मेसेज.” मागे रांग खोळंबलेली. खात्यात उरले ४१५ रुपये आणि पगार सात तारखेला. (ही हकिगत कोणा एकाची नाही. तीन-चार घरांतून ऐकलेले येथे एकत्र केले आहे. तेव्हा ‘ही कोणाची सून’ असा शोध मिस्सानंतर कृपया घेऊ नये!)

प्रथम झाले काय ते समजून घेऊ. दुकानातले मशीन आपली विनंती दुकानदाराच्या बँकेकडे पाठवते, तेथून ती मधल्या यंत्रणेमार्फत आपल्या बँकेकडे जाते. आपली बँक पैसे वजा करते आणि होकार परत पाठवते. हा होकार वाटेत अडकला, तर मशीन थोडा वेळ वाट पाहते आणि नकार छापून मोकळे होते. अशा वेळी पैसे ना आपल्याकडे असतात, ना दुकानदाराकडे. ते बुडत मात्र नाहीत. हिशोबाची जुळणी झाली की परत येतात.

म्हणजे येथे खोटे कोणीच बोलत नाही. भगिनीने पैसे दिले हे खरे आणि दुकानदाराला ते मिळाले नाहीत हेही खरे. दुकानदाराने औषध द्यायलाच हवे होते का? न्यायाने पाहिले तर त्याच्यावर तसे बंधन घालता येत नाही. त्यालाही माल उधारीवर मिळतो, त्याच्याही घरी महिनाअखेर असते. अशा प्रसंगी एका दुकानदाराने पाकिटातून सहा गोळ्या कापून दिल्या, वहीत नाव लिहिले आणि म्हणाला, “आजचे आणि उद्याचे भागवा.” पूर्ण औषध त्याने दिले नाही, रिकाम्या हातानेही पाठवले नाही. न्याय आणि प्रीती यांच्यावर जाड पुस्तके लिहिली गेली आहेत, पण त्यांची सांगड काउंटरवर अशी कात्रीने घातली जाते.

आता मूळ प्रश्न. पैसे जर पूर्ण परत येणार असतील, तर त्या घराचे नुकसान झाले का? हिशोबाच्या दृष्टीने शून्य. १,३८० गेले, १,३८० आले. सुस्थितीतला माणूस असेच म्हणेल, कारण त्याच्या खात्यात त्या रकमेच्या मागे दुसरी रक्कम उभी असते. ओढग्रस्तीच्या घरात तसे नसते. तेथे प्रत्येक नोटेवर जणू नाव लिहिलेले असते: ही गॅसची, ही लोकलच्या पासची, ही क्लासच्या फीची. त्यातली एक अडकली की दुसरीच्या डब्यात हात घालावा लागतो, मग तिसरीच्या.

निर्गमाच्या ग्रंथातील बाविसाव्या अध्यायात एक लहानसा नियम आहे. गरिबाचे पांघरूण गहाण घेतले असेल, तर ते सूर्य मावळण्याआधी त्याला परत द्यावे. कारणही तेथेच दिले आहे: त्याच्यापाशी तेवढेच पांघरूण आहे, तो रात्री काय घेऊन निजेल? या नियमात व्याजाचा किंवा रकमेचा विचार नाही. विचार आहे तो रात्रीचा. सकाळी परत दिलेले पांघरूण तेच असते, एक धागाही कमी झालेला नसतो, पण मधली थंडी परत देता येत नाही.

संत थॉमस अक्वायनस यांनी ‘सुम्मा थिऑलॉजिए’मध्ये नेमका हाच प्रश्न घेतला आहे: दुसऱ्याचे जे आपल्याकडे आहे ते ताबडतोब परत केले पाहिजे, की उशीर केला तरी चालेल? सेमिनरीत हा भाग रुक्ष वाटायचा, हिशोबनिसाने लिहिल्यासारखा. संत थॉमस म्हणतात, ताबडतोबच. कारण दुसऱ्याची वस्तू त्याच्या इच्छेविरुद्ध ठेवून घेणे म्हणजे तिचा उपयोग त्याच्यापासून हिरावणे होय. आणि ताबडतोब देणे शक्यच नसेल तर? तर अशक्य गोष्टीचे बंधन नाही. पण मग त्या माणसाकडे स्वतः जाऊन किंवा दुसऱ्याकरवी माफी अथवा मुदत मागितली पाहिजे. मुदत मागायची असते, परस्पर घ्यायची नसते.

हे वाचून पुन्हा त्या मशीनकडे पाहावे. मशीनला दुष्ट बुद्धी नाही. बँकांना जुळणीसाठी वेळ लागतो हेही मान्य. रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकात ही मुदत ठरवून दिली. दुकानात कार्डाचे पैसे कापले गेले आणि दुकानाला पुष्टी मिळाली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत रक्कम आपोआप परत जमा झाली पाहिजे. त्यानंतर उशिराच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई, आणि तीही ग्राहकाने न मागता. हा नियम मला आवडतो. उशीर हीच एक हानी आहे, असे त्याने मान्य केले. पण पहिल्या पाच दिवसांचा भार कोणावर? रांगेत उभ्या असलेल्या त्या भगिनीवर. तिच्याकडे मुदत कोणी मागितली नाही. उलट, मागच्या लोकांच्या नजरा झेलत तिनेच ‘सॉरी’ म्हटले. आपल्या खात्यात पैसे नाहीत असा चारचौघांचा समज झाला, याची लाज तिला पैशांपेक्षा जास्त बोचली.

मत्तयाच्या शुभवर्तमानातील द्राक्षमळ्याच्या दाखल्यावर आपण पुष्कळदा प्रवचन ऐकतो. शेवटी आलेल्याला पहिल्याइतकेच का, यावर चर्चा होते. पण मळ्याच्या धन्याने संध्याकाळ होताच मजुरी वाटायला लावली, हे आपल्या ध्यानातून निसटते. किती दिले यावर मजुरांनी कुरकुर केली. केव्हा दिले यावर एकालाही कुरकुर करावी लागली नाही.

वसईत आता वाडीच्या जागी इमारती आल्या, तरी कामाला येणारी माणसे आहेतच. धुणी-भांडी करणारी बाई, गवंडी, रिक्षातून मुलांना शाळेत नेणारा. ‘सुटे नाहीत, सोमवारी बघू’ हे वाक्य आपल्या तोंडी फार सहज येते. आपला सोमवार आणि तिचा सोमवार यांत दोन रात्री असतात. खरोखरच अडचण असेल तर तिला तसे सांगावे, चालेल का म्हणून विचारावे. तिलाही नाही म्हणता आले पाहिजे.

ज्यांचे पैसे असे अडकले असतील त्यांच्यासाठी: घाईने दुसऱ्यांदा कार्ड लावू नका, आधी खाते तपासा. मशीनची फेल झाल्याची पावती मागून घ्या, मेसेज पुसू नका. पिन किंवा ओटीपी विचारणारा फोन आला तर तो बँकेचा नव्हे. पाच दिवसांत रक्कम आली नाही तर बँकेत लेखी तक्रार देऊन पोच घ्या. ३० दिवसांत उत्तर आले नाही, किंवा आलेले उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते, त्यासाठी पैसे पडत नाहीत. अर्ज लिहिणे जमत नसेल तर रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर कार्यालयात या. कागद-पेन येथे आहे, पावती तेवढी आणा.