वर्गात वीर शिकवताना

शाळेत वीराची पहिली ओळख बहुधा तलवारीसकट होते. महाराष्ट्रात चौथीच्या इतिहासात शिवचरित्र येते. घोडखिंड अडवणारे बाजीप्रभू आणि सिंहगडावर पडलेले तानाजी तिथूनच मुलांच्या मनात घर करतात. नऊ-दहा वर्षांच्या वयात लढाईची गोष्ट आवडणारच. पण लढला म्हणून वीर, एवढेच मुलांच्या हाती लागले तर माणूस वीर कशामुळे ठरतो हा प्रश्न विचारायचाच राहून जातो.

संस्कृत काव्यशास्त्राने त्याचे उत्तर बरेच आधी शोधले आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात वीररसाचा स्थायीभाव उत्साह आहे, क्रोध नव्हे. क्रोधातून उपजतो तो रौद्र. मधल्या सुट्टीत मारामारी करून आलेल्या मुलाला हा भेद चटकन कळतो. भरताने दानवीर, धर्मवीर आणि युद्धवीर असे तीन प्रकार मानले. चौदाव्या शतकात विश्वनाथाने साहित्यदर्पणात दयावीरालाही त्यांच्या पंगतीला बसवले. म्हणजे चार वीरांपैकी रणांगणाची गरज एकालाच आहे.

रणांगणाबाहेरचे असे वीर अलीकडच्या इतिहासातही भेटतात. 12 डिसेंबर 1930 रोजी मुंबईत विदेशी कापडाने भरलेला ट्रक अडवताना बाबू गेनू त्याखाली चिरडले गेले. आंबेगाव तालुक्यातून आलेले ते गिरणी कामगार. हातात शस्त्र नव्हते, समोरच्याला इजा करण्याचा हेतूही नव्हता. 1897 च्या प्लेगात सावित्रीबाई फुले रोग्यांची सेवा करत होत्या. त्यातच त्यांना लागण झाली आणि 10 मार्चला त्यांचा मृत्यू झाला. पाठ्यपुस्तकांत त्या मुलींच्या शाळेमुळे येतात आणि ते योग्यच आहे. पण दयावीर समजावून सांगायला त्यांच्या आयुष्याचा हा शेवटचा भाग अधिक उपयोगी पडतो.

खरी कसोटी लागते ती कर्णाची गोष्ट सांगताना. मराठी वाचकाचा कर्णावर विशेष जीव आहे, आणि ‘मृत्युंजय’ कादंबरीनंतर तर तो अधिकच जडला. दानवीर म्हणून त्याची ख्याती वादातीत. युद्धातही तो कमी नव्हता. इंद्र कवचकुंडले मागायला येणार हे सूर्याने आधीच सांगितले असूनही त्याने ती दिली. (बदल्यात अमोघ शक्ती मागून घेतली, ही बाजू गोष्टीत सहसा गाळली जाते.) मात्र द्यूतसभेत द्रौपदीची विटंबना चालू असताना तो नुसता गप्प बसला नाही. तिला अपशब्द बोलला, वस्त्रे काढून घ्यायलाही त्यानेच सांगितले. पुढे उद्योगपर्वात तो कृष्णाजवळ कबूल करतो की दुर्योधनाला खूश करण्यासाठी आपण पांडवांना कठोर बोललो आणि त्याचा आता पश्चात्ताप होतो. दोन प्रकारांत पहिल्या रांगेतला हा माणूस ऐन वेळी तिसऱ्यात कमी पडला. कर्ण वीर की नाही, यावर वर्गात दोन तट पडले तर शिक्षकाने निकाल द्यायची घाई करू नये. माणसाचा एक गुण मोठा म्हणून बाकीचे हिशेबातून वगळायचे का, हाच तर वादाचा मुद्दा आहे; तो मुलांनीच भांडून पुढे न्यावा.

शिवचरित्रालाही हीच पद्धत लागू पडते. प्रसंग सांगताना मध्ये थांबून विचारावे: या क्षणी दुसरा कोणता मार्ग मोकळा होता, आणि तो का घेतला नाही? घोडखिंडीत बाजीप्रभूंसमोर माघारीची वाट होती हे लक्षात आले, की त्यांच्या थांबण्याला अर्थ येतो. वाट दिसूनही न घेणे आणि ते कोणासाठी, या दोन गोष्टी कळल्या नाहीत तर पराक्रम नुसता चमत्कार वाटतो आणि मुले त्याला नमस्कार करून मोकळी होतात.

भीतीबद्दलही स्पष्ट बोलायला हवे. गीतेच्या सोळाव्या अध्यायातली दैवी गुणांची यादी अभयापासून सुरू होते. पण त्याच ग्रंथाच्या पहिल्या अध्यायात अर्जुनाचे अंग थरथरते आणि धनुष्य हातातून गळते. वीराला घाम फुटतच नाही असे मुलांना सांगितले, तर फळ्यासमोर पाय लटपटणारे मूल स्वतःला कायमचे भित्र्यांत मोजते.

उरतो तो अनुकरणाचा धोका. पोहता न येणाऱ्या मुलाने बुडणाऱ्याला वाचवायला विहिरीत उडी घेतली, तर दोघेही जातात. आरडाओरडा करून मोठी माणसे गोळा करणे, काठावरून दोर किंवा रिकामा कॅन फेकणे, हेही शौर्याच्या पाठातच शिकवायला हवे. उत्साहाच्या जोडीला भरताने धैर्य आणि अविषाद, म्हणजे खचून न जाणे, हेही सांगितले आहे. काठावर भान ठेवून दोर फेकणाऱ्याला दोन्ही लागतात.