लाखांतली दोन

सातपुड्यात पहिला दणदणीत पाऊस झाला की दोन-तीन रात्रींत डबकीच्या डबकी बेडकांच्या आवाजाने दुमदुमतात. मोठ्या जातीच्या बेडकाचे एरवी मातकट-हिरवे दिसणारे नर या दिवसांत पिवळेधमक होतात आणि गळ्याखालच्या निळ्या पिशव्या फुगवून ओरडत बसतात. मादी काही हजार अंडी पाण्यात सोडते आणि निघून जाते. पुढे पिलांशी तिचा संबंध उरत नाही. सुमारे साडेअकराशे मीटर उंचीच्या तोरणमाळच्या पठारावर यशवंत तलावाचे पाणी आहे, पण अशा विणीला गाडीच्या चाकोरीत साचलेले वीतभर पाणीही चालते. अंडी लवकर फुटतात. बेंडकुळ्या शेवाळ खातात, मेलेले किडे खातात, आणि या जातीच्या बेंडकुळ्या तर दुसऱ्या बेंडकुळ्याही खातात. पाऊस आठवडाभर दडी मारून बसला तर डबके आटते आणि तळाशी काळा थर वाळून राहतो. ज्यांना त्याआधी पाय फुटले ते उड्या मारत बाहेर पडतात.

एवढे जीव जन्माला येऊन त्यांतले जवळपास सगळे मरणार असतील, तर त्यांच्या जन्माला काही अर्थ आहे का? प्रश्न धर्माचा आहे, तत्त्वज्ञानाचा आहे. पण जीवशास्त्राने त्यात काय भर घातली ते आधी पाहिले पाहिजे.

बेल्जियन गणिती व्हेरहुल्स्ट यांनी 1838 मध्ये लोकसंख्यावाढीचे समीकरण मांडले. त्यात दोन राशी महत्त्वाच्या: अडथळा नसताना संख्या किती वेगाने वाढेल तो वेग, आणि परिसर जास्तीत जास्त किती जीव पोसू शकेल ती मर्यादा. पहिलीचे चिन्ह पुढे ‘आर’ ठरले, दुसरीचे ‘के’. रॉबर्ट मॅकआर्थर आणि एडवर्ड विल्सन यांनी 1967 मध्ये यावरून दोन प्रकारच्या निवडीची कल्पना मांडली. जागा मोकळी आणि परिस्थिती लहरी असेल तिथे लवकर वयात येणारे, लहान देहाचे, भरमसाट संतती सोडणारे जीव टिकतात. दाटी असेल तिथे उशिरा वयात येऊन थोडकी पिले नीट वाढवणारे टिकतात. बेडूक, उंदीर, गाजरगवत एकीकडे, हत्ती दुसरीकडे.

विभागणी सुटसुटीत होती, म्हणूनच पाठ्यपुस्तकांत इतकी रुळली. सातपुड्याच्या उतारांवरचा मानवेल बांबू मात्र तिच्यात बसत नाही. तो अनेक वर्षे फुलतच नाही. मग एका भागातली बेटे एकदम फुलतात, बियांचा सडा पडतो आणि फुललेली बेटे वाळून जातात. बी इतके पडते की उंदीर-घुशींनी पोटभर खाऊनही काही उरतेच. दीर्घायुष्य हत्तीचे आणि बीजाची उधळण बेडकाची, अशी ही गाठ आहे. म्हणून आजचे अभ्यासक दोन कप्पे न पाडता वेगळा प्रश्न विचारतात: या जातीत मरण कोणत्या वयात जास्त गाठते? बालपणीच मरण अटळ आणि बेभरवशाचे असेल तर एकेका पिलावर श्रम करणे परवडत नाही.

या साऱ्यात एक हिशेब मात्र कुठेच चुकत नाही. एखाद्या जातीची संख्या दीर्घकाळ स्थिर असेल, तर एका जोडीमागे सरासरी दोनच पिले पुढची पिढी घडवण्याइतकी जगतात. बावीस महिने गर्भ वाहणाऱ्या हत्तिणीची दोन, आणि आयुष्यभरात हजारो अंडी घालणाऱ्या बेडकीचीही दोनच. बाकीचा सगळा फरक आहे तो मरणाऱ्यांच्या संख्येत.

एवढ्या जन्म-मरणांच्या अर्थाचा हा प्रश्न भारतीय परंपरेत फार जुना आहे. छांदोग्य उपनिषदाच्या पाचव्या अध्यायात राजा प्रवाहण जैवली श्वेतकेतूला जे प्रश्न विचारतो, त्यांत एक असा की इतके जीव मरून जातात, तरी परलोक भरून का जात नाही? राजा पुढे स्वतःच त्याचे उत्तर देतो. देवयान आणि पितृयाण या दोन वाटांखेरीज एक तिसरे स्थान आहे. वारंवार जन्मणारे आणि मरणारे क्षुद्र जीव तिथे असतात, म्हणून तो लोक भरत नाही. प्रश्न परलोकाचा असला तरी त्यातली नजर हिशेबी आहे. ढीगभर जन्म आणि ढीगभर मरण यांना तिथे जगाच्या रचनेत जागा दिलेली आहे. फक्त त्या क्षुद्र जिवांच्या बाजूने कोणी बोलत नाही.

कर्मसिद्धान्ताची अडचण इथेच होते. तीन दिवस जगलेल्या बेंडकुळीने कोणते कर्म केले? रूढ उत्तर असे की चौऱ्याऐंशी लक्ष योनींत कर्मयोनी एक मनुष्याचीच. बाकीच्या भोगयोनी, तिथे जुने फेडायचे, नवे जोडायचे नाही. उत्तर सुसंगत आहे, पण त्यामुळे डबके म्हणजे निव्वळ शिक्षेची कोठडी ठरते, आणि हे पटणे कठीण आहे. जैन विचार अधिक बारकाईने जातो. निगोदातले, म्हणजे अतिसूक्ष्म देहांतले, जीव एका श्वासात अठरा वेळा जन्मतात-मरतात असे तो सांगतो. तांदूळ-मत्स्याची कथाही जैनांचीच. महामत्स्याच्या कानात राहणारा तांदळाएवढा मासा त्याच्या उघड्या तोंडातून निसटणारे मासे पाहतो आणि मनात म्हणतो की आपण असतो तर एकही सोडला नसता. तेवढ्या विचारापायी तो सातव्या नरकात जातो. लहानग्या जिवाला इथे मन आहे, म्हणून जबाबदारीही आहे.

ही डबकी जिथे साचतात ते तोरणमाळ नाथपंथीयांचे ठिकाण. इथे गोरक्षनाथाचे मंदिर आणि मच्छिंद्रनाथाची गुंफा आहे, महाशिवरात्रीला यात्रा भरते. मालू कवीच्या ‘नवनाथ भक्तिसार’ या 1819 च्या ग्रंथात मच्छिंद्राचा जन्म मासळीच्या पोटचा आहे; काठावर पडलेले अंडे बगळे चोचींनी फोडतात आणि आत मूल दिसते. मासळीची अंडी लाखांनी असतात. कथा त्यांतले एकच उचलते आणि त्याला नाव देते. पुढे याच ग्रंथात गोरक्ष आपल्या गुरूचा, म्हणजे मच्छिंद्राचा, मुलगा मीननाथ याला शिळेवर आपटून मारतो, मच्छिंद्र शोक करतो, आणि गोरक्ष मुलाला पुन्हा उठवतो. संन्याशालाही एक मूल गेल्याने रडू येते, असे कथा सांगते. बेडकीला ते परवडणारे नाही. गंमत अशी की महाशिवरात्रीलाच शेजारच्या गुजरातेत देवमोगरा इथे याहामोगीची यात्रा असते. सातपुड्यातल्या आदिवासींची ती धान्याची देवी. एकाच तिथीला एकीकडे ब्रह्मचारी जोगी, दुसरीकडे भरल्या कणगीची माता.

माणसांच्या समूहांना हीच ‘आर’ आणि ‘के’ची पट्टी लावण्याचे प्रयत्न झाले आहेत. ते चूकच. मनुष्यजात सगळीच्या सगळी सावकाश वाढणारी आहे: बहुधा एका वेळी एक मूल आणि लांबलचक बालपण. गरीब पाड्यावर मुले जास्त असतील तर कारण बालमृत्यूत, दवाखान्याच्या अंतरात आणि मुलींच्या शाळेत शोधावे, जीवशास्त्रात नाही.

डबक्यातल्या मरणांना अर्थ आहे का, याचे उत्तर पर्यावरणशास्त्र देत नाही. ती मरणे कशी घडतात एवढेच ते सांगते. धर्मपरंपरांची स्पष्टीकरणे एकमेकांशी जुळत नाहीत, पण आचाराचा एक नियम जुळतो. पावसाळ्यात भिक्षू हिंडताना हिरवे गवत आणि बारीक जीव तुडवतात अशी लोकांची तक्रार आली, तेव्हा बुद्धाने वर्षावास घालून दिला, असे विनयपिटकात आहे. जैन साधू-साध्वी याच कारणाने आषाढ ते कार्तिक एका गावी मुक्काम करतात, आणि तो चातुर्मास आजही पाळला जातो.