छायाचित्र कोणाचे?

सरकारी नोकरीत ज्यांचे आयुष्य गेले, त्यांचा छायाचित्राशी संबंध येतो तो बहुधा अर्जाच्या कोपऱ्यातील चौकोनापुरता. स्वसाक्षांकनाची सोय होण्यापूर्वी अशा कित्येक चौकोनांवर मी सही केली आहे. अर्धी कागदावर, अर्धी चेहऱ्यावर. चेहरा पाहिला असे मात्र म्हणवत नाही. जुळतो की नाही, एवढेच पाहिले. एकदा कुटुंबनिवृत्तिवेतनासाठी आलेल्या एका वृद्ध बाईंनी कुठल्याशा लग्नातील समूहचित्रातून कातरून काढलेला आपला चेहरा पुढे केला होता. कातरीतून सुटलेला कोणाचा तरी हात त्यांच्या खांद्यावर तसाच राहिला होता. मी ते छायाचित्र नियमाप्रमाणे परत केले. नियम बरोबरच होता. पण तो हात कोणाचा, हे मी विचारले नाही. इतक्या वर्षांनी ही गोष्ट आठवण्याचे कारण म्हणजे बांगलादेशातील छावण्यांत रोहिंग्या तरुणांना छायाचित्रण शिकविण्याच्या उपक्रमांविषयी अलीकडे झालेले वाचन.

सरकारी छायाचित्राची ओळख या लोकांना आपल्यापेक्षा पुष्कळच अधिक आहे. ब्रह्मदेशाच्या राखाइन प्रांतात, म्हणजे जुन्या अराकानात, त्यांच्या घरोघरी कुटुंबयादीची तपासणी होत असे. अधिकारी येत, घरातील माणसांना ओळीने उभे करून छायाचित्र घेत, आणि जो त्या वेळी हजर नसेल त्याचे नाव यादीतून जाण्याची धास्ती असे. १९८२ च्या नागरिकत्वाच्या कायद्याने त्यांना व्यवहारतः परके ठरविले. हाती उरलेली तात्पुरती पांढरी ओळखपत्रेही २०१५ मध्ये रद्द झाली. नाफ नदी ओलांडून पळून येण्याची वेळ त्यांच्यावर १९७८ मध्ये आली होती, १९९१–९२ मध्येही आली होती. परंतु २५ ऑगस्ट २०१७ नंतर लष्कराने जी मोहीम चालविली, तिच्यामुळे काही महिन्यांत सात लाखांहून अधिक माणसे कॉक्स बाजार जिल्ह्यातील उखिया आणि टेकनाफच्या डोंगरउतारांवर येऊन पडली. तेथे २०१८ च्या जूनपासून नव्याने नोंदणी सुरू झाली. पुन्हा चेहरा, पुन्हा बोटांचे ठसे, शिवाय डोळ्यांची बुबुळे. जे ओळखपत्र मिळाले त्यावर ‘रोहिंग्या’ हा शब्द नव्हता, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये छावण्यांत त्याबद्दल निषेधही झाला.

नोंदणी करणाऱ्यांच्याही आधी वार्ताहर येऊन पोहोचले होते. रॉयटर्सचे छायाचित्रकार दानिश सिद्दीकी यांनी सप्टेंबर २०१७ मध्ये शाहपरीर द्वीप येथे टिपलेले चित्र अनेकांना आठवत असेल. होडीतून उतरलेली एक स्त्री थकून वाळूवर टेकली आहे आणि हाताने किनारा चाचपून पाहत आहे. रॉयटर्सच्या त्या वेळच्या चित्रमालिकेला २०१८ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले. सिद्दीकी पुढे जुलै २०२१ मध्ये अफगाणिस्तानात मारले गेले. त्यांच्या धैर्याविषयी किंवा सहृदयतेविषयी शंका घेण्याचा माझा मुळीच हेतू नाही. पण आज पंचविशीत असलेल्या रोहिंग्या तरुणाच्या बाजूने पाहिले, तर त्याचा चेहरा आजवर तीन वेळा टिपला गेला: प्रथम संशयाने, नंतर करुणेने, आणि शेवटी मोजणीसाठी. तिन्ही वेळी यंत्र दुसऱ्याच्या हाती होते.

हे यंत्र त्याच्या हाती द्यावे, ही कल्पना म्हणूनच मनाला तत्काळ पटते. खरे म्हणजे पुष्कळांच्या हाती ते आधीच आले होते, साध्या मोबाइलच्या रूपाने. २०१९ च्या सप्टेंबरपासून सुमारे वर्षभर छावण्यांत मोबाइलवरील इंटरनेट बंद ठेवण्यात आले होते, तरी चित्रे काढणे थांबले नाही. २२ मार्च २०२१ रोजी बालुखालीत आग लागून हजारो झोपड्या जळाल्या. ती आग त्या झोपड्यांतच राहणाऱ्या मुलांनी टिपली. साहात झिया हिरो या छावणीतीलच छायाचित्रकाराने २०२२ मध्ये ‘रोहिंग्याटोग्राफर’ नावाचे नियतकालिक सुरू केले, आणि पुढच्या वर्षी त्याला व त्याच्या तिघा रोहिंग्या सहकाऱ्यांना संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संघटनेचा आशिया-प्रशांत विभागासाठीचा नान्सेन पुरस्कार मिळाला.

व्यवहारी माणसाचा आक्षेप येथे येणारच. २०२३ मध्ये माणशी महिन्याचे रेशन बारा डॉलरवरून आधी दहा व मग आठ डॉलरवर आले; अशा ठिकाणी छायाचित्रणाचे वर्ग कसले भरवता? आक्षेप हलका नाही. भुकेल्या माणसापुढे कलेचे गोडवे गाणे हा निर्लज्जपणाच होय. परंतु यात एक गृहीत लपलेले आहे: पोट भरेपर्यंत माणूस हा केवळ पोट असतो. आपण स्वतःविषयी असे कधी मानीत नाही. महिनाअखेर ओढाताणीची असली, तरी घरातला गणपती आपण सजवतोच. (परप्रांती असलो म्हणजे थोडा अधिकच.) आणि रेशनमधील कपातीचा हिशेब वर्गाला लागणाऱ्या पैशांतून मांडणे हे हिशेबतपासणीसालाही पटणार नाही. त्या दोन रकमा निरनिराळ्या खिशांतल्या असतात.

मला अधिक अस्वस्थ करणारा प्रश्न निराळा आहे. शिक्षक नेमके काय शिकवितो? प्रकाशाचे शास्त्र निरुपद्रवी असते. छावणीतील घर बांबूचे आणि ताडपत्रीचे, कारण पक्के बांधकाम करण्यास तेथे मनाई राहिली. आत अंधार आणि दारात डोळे दिपविणारे ऊन, असा प्रकार. माणसाला दाराशी आडवे बसवावे म्हणजे अर्धा चेहरा उजळतो, हे एका दुपारी शिकता येते. पण त्यापुढे ‘हे चित्र चांगले, ते साधारण’ असे शिक्षक म्हणू लागला की त्याच्याबरोबर त्याची रुची येते, आणि रुचीच्या पाठोपाठ प्रदर्शनाचे पाहुणे व देणगीदार येतात. त्यांना अश्रू हवे असतात, नाहीतर अश्रूंवर मात करणारे हसू. मुलगा हुशार असेल तर हे चटकन ओळखतो. मग तो स्वतःच्या आजीला तसाच वाळूवर बसवील, जसे परक्याने एकदा बसलेले टिपले होते. यंत्राने हात बदलला, पण दृष्टी जेथल्या तेथेच राहिली. कलकत्त्याच्या सोनागाछीतील मुलांना कॅमेरे देऊन त्यावर काढलेल्या चित्रपटाला २००५ मध्ये ऑस्कर मिळाले, तेव्हाही हाच वाद झाला होता: मुलांची कथा सांगितली गेली, की मुलांना शिकविणाऱ्यांची?

आणि मुलाला खरोखरच स्वतःची दृष्टी लाभली असे मानले, तरी प्रश्न सुटत नाही. कॅमेरा हाती आला की तोही शेजाऱ्यावर सत्ता चालवू शकतो. पडदा पाळणारी बहीण, पाण्याच्या रांगेतील स्त्रिया, रागाने बोलणारा एखादा म्हातारा, यांची चित्रे ‘आपल्याच माणसाने’ काढली म्हणून ती निर्धोक होत नाहीत. उलट, आपला माणूस म्हणूनच ते दार उघडतात. छावण्यांत सशस्त्र टोळ्या वावरतात. रोहिंग्यांचे नेते मोहिबुल्ला यांची २९ सप्टेंबर २०२१ रोजी तेथेच हत्या झाली. अशा जागी कोण कोणाशेजारी उभा होता हे दाखविणारे चित्र केवळ चित्र राहत नाही. सोसलेल्या दुःखाने बोलण्याचा अधिकार मिळतो, हे मी मानतो. पण दुसऱ्याकडे न विचारता पाहण्याचा अधिकार त्याने मिळत नाही. तेव्हा पहिल्या वर्गात छिद्रमापन आणि वेग शिकविण्याआधी ‘विचार आणि नाही म्हटले तर यंत्र खाली ठेव’ हे शिकविले पाहिजे. यात अडचण अशी, की ज्याला आयुष्यात कोणी कधी विचारले नाही, त्यालाच आपण विचारायला सांगतो. हे न्यायाचे आहे का? मला वाटते आहे; पण सांगणाऱ्याला थोडी शरम वाटावी.

या माणसांनी पळताना प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून जुनी कागदपत्रे आणली, तशी काहींनी आजोबा-पणजोबांची छायाचित्रेही आणली. ग्रेग कॉन्स्टन्टाइन यांनी ‘एक खाले’ या नावाने अशी चित्रे व दस्तऐवज जमविण्याचे मोठे काम केले आहे. आम्ही येथलेच होतो, याचा पुरावा म्हणून ती मोलाची आहेत. माझ्यासारख्याला ती भाषा चटकन कळते. परंतु नवे विद्यार्थी छपरावर चढलेला भोपळ्याचा वेल किंवा लग्नासाठी मेंदी लावलेले हात टिपतात, तेव्हा ते काहीच सिद्ध करीत नाहीत. कुठल्याही न्यायालयात त्याचा उपयोग नाही. मला हीच चित्रे अधिक वेळ पाहावीशी वाटतात. ज्याला सदैव पुरावा द्यावा लागला, त्याने एकदा तरी पुरावा न देता नुसते दाखवावे, यात मोकळा श्वास आहे.

राहिला शिक्षक. त्याची मुदत संपते आणि तो जातो. बदलीचा हुकूम म्हणजे काय हे आपल्याला सांगायला नको. सामान बांधले की गावातील प्रश्न उत्तराधिकाऱ्याचे होतात. विद्यार्थी मात्र तारेच्या कुंपणाआड राहतो. जाताना शिक्षकाच्या पेटीत चित्रांच्या प्रती असतात, त्यांचे प्रदर्शन ढाक्यात किंवा आणखी दूर भरते. त्या प्रती कोणाच्या, आणि उद्या त्यातील एखाद्या बाईने आपला चेहरा परत मागितला तर तिने कोणत्या पत्त्यावर लिहावे, हे वर्ग सुरू होण्यापूर्वीच ठरले पाहिजे, आणि तेही तिला समजेल अशा भाषेत.