शाई : कागदावरची आणि चेहऱ्यावरची

पिंपरी-चिंचवडच्या रहिवाशांना १० डिसेंबर २०२२ चा तो प्रसंग आठवत असेल. चिंचवडमध्ये मंत्री चंद्रकांत पाटील यांच्या तोंडावर शाई फेकण्यात आली. महात्मा फुले, डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि कर्मवीर भाऊराव पाटील यांनी शाळा उभारण्यासाठी लोकांपुढे हात पसरले, हे सांगताना त्यांनी आदल्या दिवशी पैठण येथे ‘भीक’ हा शब्द वापरला होता. तो अनेकांच्या जिव्हारी लागला. पाटील यांनी पुढे दिलगिरी व्यक्त केली. शाई फेकणाऱ्यांवर मात्र पोलिसांनी प्रारंभी खुनाच्या प्रयत्नाचे कलमही लावले. काही दिवसांनी ते मंत्री पवनाथडी जत्रेत आले, ते चेहऱ्यापुढे पारदर्शक पडदा लावूनच.

ते छायाचित्र पाहून आम्हांलाही हसू आले, हे कबूल केले पाहिजे. हसू ओसरल्यावर मात्र मनाला प्रश्न पडला : आपण नेमके कशाला हसलो? सत्तेच्या फजितीला, की एका माणसाच्या अपमानाला?

शाईचे खरे स्थान कागदावर आहे. सत्ताधाऱ्यांना हसण्याचा हक्क महाराष्ट्राला कोणी बाहेरून आणून दिलेला नाही. एकनाथांच्या भारुडांनी दंभाची सोंगे चव्हाट्यावर आणली. तमाशातील सोंगाड्याने भर वगात राजाला आणि कोतवालाला निरुत्तर केले. १९६० साली बाळ ठाकरे यांनी ‘मार्मिक’ सुरू केले आणि व्यंगचित्राची धार घरोघरी पोहोचली. त्यातूनच पुढे १९६६ साली शिवसेना जन्मली. व्यंगचित्रकाराच्या कुंचल्यातून जन्मलेल्या त्या संघटनेचे नाव आज ज्या पक्षाकडे आहे, त्याच पक्षाच्या कार्यकर्त्यांनी मार्च २०२५ मध्ये मुंबईतील खार येथील एका स्टुडिओची मोडतोड केली, हा काळाचा केवढा उपहास! निमित्त होते कुणाल कामरा यांनी उपमुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांच्यावर रचलेल्या विडंबनगीताचे. ते गीत कोणाला बोचरे वाटले असेल, कोणाला अन्यायाचेही. परंतु तसे वाटणाऱ्यांना न्यायालयाचे, वृत्तपत्राचे आणि उलट विडंबनाचे दार उघडे होते. खुर्च्या मोडून कोणताही मुद्दा खोडता येत नाही.

कायदा या बाबतीत मुका नाही. राज्यघटनेच्या एकोणिसाव्या अनुच्छेदाने भाषणस्वातंत्र्य दिले आणि त्याच्या मर्यादाही सांगितल्या : देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता, अब्रूनुकसानी, गुन्ह्याला चिथावणी इत्यादी. ‘आमच्या भावना दुखावल्या’ हे कारण त्या यादीत स्वतंत्रपणे आढळत नाही. व्यंगचित्रकार असीम त्रिवेदी यांना २०१२ साली मुंबईत राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली होती. मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ साली त्या प्रकरणात स्पष्ट केले की, हिंसेला चिथावणी नसेल तर कितीही कठोर टीका राजद्रोह ठरत नाही.

तथापि कायदा केवळ शिक्षापात्र काय ते सांगतो. शोभनीय काय, हे आपल्यालाच ठरवावे लागते. चाकणच्या एखाद्या कारखान्यातील कँटीन डोळ्यांपुढे आणावे. एक कामगार साहेबांच्या चालण्या-बोलण्याची हुबेहूब नक्कल करतो आणि सारे टेबल खदखदून हसते. थोड्या वेळाने तिथेच एक सुपरवायझर येतो आणि परप्रांतातून नुकत्याच आलेल्या कंत्राटी मुलाच्या मराठी उच्चारांची नक्कल करतो. पुन्हा सारे हसतात. तो मुलगाही हसतो, कारण न हसून त्याला चालणार नसते. दोन्ही नकला सारख्याच सफाईच्या असतील. पण पहिल्या हास्याने माणसांची भीती क्षणभर कमी झाली, दुसऱ्याने ती वाढली. आमच्या मते विडंबनाची नैतिक सीमा इथे आहे. अतिशयोक्ती हा त्याचा स्वभावच आहे. मात्र ते खोटा आरोप करू लागले किंवा दुबळ्याच्या छातीवर बसून हसू लागले, की त्याचा धर्म सुटतो.

शुभवर्तमानात या दोन्ही तऱ्हा दिसतात. गालीलाचा सत्ताधीश हेरोद आपल्या जिवावर उठला आहे, हे कळल्यावर प्रभू येशूने त्याला कोल्हा म्हटले. तो एका निःशस्त्र माणसाने सत्तेला दिलेला टोला होता. पुढे शिपायांनी त्याच येशूला जांभळा झगा नेसवला, काट्यांचा मुकुट घातला, हाती बोरू देऊन त्याच्यापुढे गुडघे टेकले. तेही राजाचे सोंगच होते. पण तिथे हसणाऱ्यांच्या हाती शस्त्रे होती आणि ज्याला हसले जात होते, तो कैदी होता.

आता आपल्याकडे वळू. २००६ साली ‘द दा विंची कोड’ हा चित्रपट आला तेव्हा आपल्यापैकी अनेकांची मने दुखावली. मुंबईत उपोषण झाले, बंदीची मागणी झाली आणि गोव्यासह काही राज्यांनी बंदी घातलीही. ते दुःख खरे होते. पण इतरांच्या दैवतांवर आणि नेत्यांवर टीका झाली की स्वातंत्र्याचा गजर करायचा आणि स्वतःवर वेळ आली की बंदीसाठी सरकारचे दार ठोठवायचे, ही दोन मापे एकाच हातात शोभत नाहीत. अल्पसंख्य समाजाने तर हे अधिक लक्षात ठेवावे. आज आपल्या मागणीवरून उगारलेला दंडुका उद्या आपल्याच पत्रिकेवर, आपल्याच प्रवचनावर पडू शकतो.

चिंचवडच्या त्या शाईचे समर्थन आम्ही करणार नाही. शब्दाने झालेली जखम शब्दानेच धुवावी. पण एवढ्यावर थांबणेही प्रामाणिकपणाचे होणार नाही. ज्याचे म्हणणे कोणी छापत नाही, ज्याने तोंड उघडले तर उद्या कारखान्याचे फाटक बंद होते, त्याला कागदावर लिहा असे सांगणे फार सोपे आहे. त्याच्यासाठी तो कागद मोकळा ठेवणे, त्यावरचे बोचरे शब्द सहन करणे आणि प्रसंगी आपल्यावरचे हसूही हसत स्वीकारणे, हे आपले काम आहे. कागदाची वाट बंद झाली की शाई चेहऱ्याची वाट शोधते.