कच्चे मडके

वारकरी भाविकहो, तेरच्या गोरोबाकाकांच्या घरचा प्रसंग आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. संतमंडळी जमलेली. जवळच काकांची थापटी पडलेली. मुक्ताईने विचारले, काका, हे काय? काका म्हणाले, याने मडके कच्चे की पक्के ते कळते. मग आमचीही पारख करा की! काकांनी थापटी उचलली आणि एकेकाच्या डोक्यावर वाजवली. सगळे निमूट बसले. नामदेवराय मात्र कळवळले, रागावले. आणि काकांनी निकाल दिला, एवढे एक मडके कच्चे.

हे आख्यान मी तीस वर्षे लावीत आलो. आमचे जळगाव जामोद सातपुड्याच्या पायथ्याशी. मुक्ताईनगर येथून फार लांब नाही, आणि मुक्ताईची पालखी आषाढीला बुलढाणा जिल्ह्यातूनच पंढरीची वाट धरते. त्यामुळे मुक्ताईचे नाव निघाले की आमच्याकडची सभा आपोआप सावरून बसते. तेवढ्यात मी ठासून सांगे, "कच्च्या मडक्याचे कुंभार काय करतो? फोडून टाकतो! तेव्हा वेळीच पक्के व्हा." त्यावर मृदंगाची थाप बरोबर पडे आणि माना डोलत.

गेल्या कार्तिकात कीर्तन आटोपले, आरती झाली, मंडळी उठू लागली. एक म्हातारबाबा जवळ आले. जन्मभर चाक फिरवलेला माणूस. पाया पडून हळूच म्हणाले, "महाराज, रागावू नका, पन कच्चं मडकं कोनी फोडून फेकत नाही. ते पान्यात टाकलं का पुन्हा माती होते. पुन्हा मयाची, पुन्हा चाकावर घ्याची. भाजलेलं फुटलं त मंग ते खापर. त्याची माती होत नाही बाप्पा."

मला प्रथम काय वाटले ते लपवीत नाही. वाईट वाटले. पाठशाळेत बारा वर्षे व्याकरण घोकलेला मी, आणि हे मला चारचौघांत मडके शिकवतात! त्या रात्री धड जेवलो नाही. अंथरुणावर पडल्यावर मात्र हसू आले. अहो, थापटी माझ्याच डोक्यावर वाजली होती, आणि आवाज बद आला होता!

पक्का हा शब्द पक्व यापासून आला, आणि पक्व हे पच् धातूचे रूप. त्या एका धातूसाठी पाणिनींनी स्वतंत्र सूत्र केले आहे, तेही मला पाठ. अन्न शिजते, फळ पिकते, मडके भाजते, ते सारे याच धातूने सांगतात. यांतले एकही काम क्षणात होत नाही, हे मात्र मी त्या सूत्रातून कधी शिकलो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी बाबांच्या घरी गेलो. त्यांनी सगळे दाखवले. मातीत लीद नि राख मिसळायची, मळायची, चाकावर घेतलेले भांडे आधी सावलीत सुकवायचे. घाईने उन्हात ठेवले तर तडकते, आणि ओलसर असताना आव्यात घातले तर आतल्या पाण्याची वाफ होऊन फुटते. मग गवऱ्या नि पऱ्हाट्या रचून भाजायचे. मी विचारले, न भाजताच ठेवले तर? म्हणाले, दिसते चांगले, पाणी घातले की बसते.

म्हणजे कच्चेपणात लाज नाही, पण तेथेच मुक्काम करूनही भागत नाही. नामदेवरायांनी दोन्ही केले. आधी ते रुसून पांडुरंगाकडे गेले. मोठे झाले म्हणून रुसवा सुटतो असे थोडेच आहे! ज्याच्या हातचा नैवेद्य देव प्रत्यक्ष जेवला, त्याला कच्चा म्हणायचे? पण पांडुरंगानेही काकांचा निकाल फिरवला नाही. औंढ्या नागनाथाला विसोबा खेचरांकडे धाडले. तेथे काय दिसले? गुरू पिंडीवर पाय ठेवून झोपलेले! पाय उचलून दुसरीकडे ठेवावेत तर तेथेही पिंड. देव फक्त पंढरीत आहे, ही समजूत तेथे विरघळली.

आता वर्षांचा हिशोब पाहा. नामदेवरायांचा जन्म १२७० चा, आणि ज्ञानोबारायांनी समाधी घेतली १२९६ साली. त्या बैठकीत ज्ञानोबाराय होते, तेव्हा नामदेवरायांचे वय फार तर सव्वीस. देह ठेवला १३५० साली. म्हणजे कच्चे ठरल्यावर पन्नासाहून अधिक वर्षे ते चालत राहिले. पंजाबात घुमानपर्यंत गेले. १६०४ साली गुरू अर्जुनदेवांनी संकलित केलेल्या ग्रंथात त्यांची पदे आली. आज गुरुग्रंथसाहिबात ती एकसष्ट मोजतात. बैठकीत निमूट बसलेल्यांची योग्यता मोठीच. पण एवढी पायपीट झाली ती कच्च्या ठरलेल्याच्या पायांनी. आणि शेवटी जागा कोणती घेतली? महाद्वाराची पायरी.

आमच्यातले कित्येकजण माळ घालायला कचरतात. म्हणतात, बुवा, अजून राग येतो, तंबाखू सुटत नाही, सुटली की घालीन. अहो, गोरोबाकाकांच्या हातूनही काय घडले ते संतचरित्र सांगतेच. भजनाच्या तंद्रीत पोटचे लेकरू चिखलात तुडवले गेले. त्या दुःखातून गेलेल्या माणसाच्या हाती थापटी होती. माळ आधी घाला. तंबाखूशी भांडण वाटेत करू.

निघताना बाबांना विचारले, अक्षय्य तृतीयेच्या घागरीसाठी पक्के मडके ओळखायचे कसे? त्यांनी एक वाजवून दाखवले, खणखणीत. मी म्हटले, आता याला काही दोष नाही ना? म्हणाले, "झिरपते ना महाराज. पक्कं असलं तरी झिरपतेच. म्हनून त पानी थंड राहते."

पुढच्या कीर्तनाला उभा राहिलो तेव्हा पूर्वरंगातच सांगून टाकले, की तीस वर्षे हा दृष्टान्त मी चुकीचा सांगितला. मृदंगाचार्यांचा हात थबकला, मग ते हसले. मी आख्यान पुन्हा मुक्ताईच्या प्रश्नापासून लावले.

पुंडलिक वरदा हरि विठ्ठल!